कर्ज मंजूर होते कागदावर, फिटते कारखान्यात

लघुउद्योगांना बँका दारात उभे करीत नाहीत, ही तक्रार महाराष्ट्राला नवी नाही. धड प्रस्तावच येत नाहीत, हे बँकांचे उत्तरही तितकेच जुने आहे. दोन्ही बाजूंकडे आपापला पुरावा आहे आणि म्हणूनच हा वाद मिटत नाही. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या यू. के. सिन्हा समितीने २०१९च्या अहवालात सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योगांच्या पतपुरवठ्यातील तूट २० ते २५ लाख कोटी रुपये असल्याचा अंदाज मांडला होता. त्यानंतरच्या वर्षांत सरकारने हात आखडता घेतला, असे म्हणता येणार नाही. मुद्रा योजनेत 'तरुण प्लस' हा नवा गट काढून ऑक्टोबर २०२४ पासून कर्जाची मर्यादा १० लाखांवरून २० लाख रुपयांवर नेण्यात आली. विनातारण कर्जाला हमी देणाऱ्या पतहमी न्यासाची मर्यादा एप्रिल २०२३ मध्ये २ कोटींवरून ५ कोटींवर आणि एप्रिल २०२५ मध्ये १० कोटींवर गेली. पैसा आहे, योजना आहेत आणि गरजही आहे. मग घोडे अडते कोठे? बहुतेक वेळा ते अडते त्या दोहोंच्या मध्ये असलेल्या पंधरा-वीस पानांच्या कागदावर, म्हणजे कर्जप्रस्तावावर.

हा कागद म्हणजे एक उपचार, असा समज उद्योजकांत सर्रास आढळतो. यंत्राचे दरपत्रक आणायचे, ओळखीच्या सनदी लेखापालाकडून प्रकल्प अहवाल 'करून घ्यायचा', शाखेत फाईल द्यायची आणि साहेबांना भेटत राहायचे, अशी ही पद्धत. अहवालात काय लिहिले आहे, हे अर्जदाराने अनेकदा वाचलेलेही नसते. शाखा व्यवस्थापकाने पहिल्या वर्षी उलाढाल किती होईल आणि कशी, एवढा साधा प्रश्न विचारला, की उत्तरासाठी फोन लेखापालाला जातो. त्याच क्षणी प्रस्ताव निम्मा नापास झालेला असतो. आकडा चुकीचा असतो म्हणून नव्हे. आकडा ज्याचा असायला हवा, त्याचा तो नसतो म्हणून.

तारणाकडून उलाढालीकडे

बँकेने तारण पाहून नव्हे, तर धंदा पाहून कर्ज द्यावे, हा विचार या देशात किमान पाच दशके जुना आहे. धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने १९६९ मध्ये प्रत्येक प्रदेशाच्या पतगरजेचा स्वतंत्र विचार करण्याची दिशा दाखविली आणि त्यातून अग्रणी बँक योजना उभी राहिली. प्रकाश टंडन यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने १९७५ मध्ये खेळत्या भांडवलाची गरज कच्चा माल, अर्धवट तयार माल आणि येणे रकमा यांवरून मोजण्याची रीत घालून दिली. नव्वदच्या दशकाच्या प्रारंभी नायक समितीने छोट्या उद्योगांसाठी ती आणखी सोपी केली. अपेक्षित वार्षिक उलाढालीच्या किमान २० टक्के रक्कम बँकेने खेळते भांडवल म्हणून द्यावी, ५ टक्के उद्योजकाने स्वतःची घालावी, असा तो हिशेब. पाच कोटी रुपयांपर्यंतच्या मर्यादेसाठी हे सूत्र बँकांना सुपरिचित आहे. २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने सूक्ष्म व लघुउद्योगांना दहा लाख रुपयांपर्यंतच्या कर्जासाठी तारण मागू नये, असे बंधनही बँकांवर घातले.

धोरणाचा हा प्रवास तारणाकडून उलाढालीकडे झाला. व्यवहारात मात्र 'घराचे कागद आहेत का?' हा प्रश्न आजही अनेक शाखांमध्ये पहिला असतो. याचे कारण केवळ बँकांच्या मानसिकतेत शोधून चालणार नाही. उलाढालीवर कर्ज द्यायचे, तर उलाढालीवर विश्वास बसला पाहिजे. आणि तो बसावा असे काही कागदावर नसेल, तर अधिकारी भिंती-छपराकडे वळणारच. चांगला प्रस्ताव अर्जदाराला सर्वांत मोठा लाभ देतो तो इथे. त्यामुळे बोलणे घराच्या कागदांवरून धंद्याच्या आकड्यांवर येते.

बँकेला काय हवे असते?

प्रस्तावातून बँक मुख्यतः चार प्रश्नांची उत्तरे शोधत असते. हा माणूस कोण आहे? पैसा नेमका कशावर खर्च होणार? तो कोठून परत येणार? आणि आला नाही तर काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर अर्जदार तोंड उघडण्याआधीच संगणकावर आलेले असते. पतमाहिती कंपन्यांकडील ३०० ते ९०० या श्रेणीतील गुणांकावरून बँक पूर्वेतिहास जोखते. जुन्या क्रेडिट कार्डाची विसरलेली थकबाकी, तडजोडीने 'मिटविलेले' कर्ज, मेहुण्याच्या वाहनकर्जाला दिलेली जामीनकी हे सारे तेथे नोंदलेले असते. चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळण्याचा हक्क २०१७ पासून प्रत्येकाला आहे. तरीही बहुसंख्य अर्जदार तो पाहतात ते अर्ज नाकारला गेल्यानंतर. नोंद चुकीची असेल, तर तक्रारीनंतर ३० दिवसांत ती दुरुस्त व्हावी, अन्यथा विलंबाच्या प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई मिळावी, असा नियम एप्रिल २०२४ पासून लागू झाला आहे. म्हणजे प्रस्तावाची तयारी यंत्राच्या दरपत्रकापासून नव्हे, तर या अहवालापासून सुरू व्हायला हवी, तीही अर्जाच्या दोन-तीन महिने आधी.

दुसरा प्रश्न खर्चाचा. येथे दरपत्रके, जागेचा भाडेकरार, वीजजोडणीचा भार, आवश्यक परवाने आणि उद्यम नोंदणी हे कागद लागतात. जुलै २०२० पासून सुरू झालेली उद्यम नोंदणी विनाशुल्क आणि पूर्णतः ऑनलाइन आहे. तिच्यासाठी पैसे मागणारा मध्यस्थ फसवणूक करीत आहे, असे खुशाल समजावे. खर्चाच्या यादीत उद्योजकाची चूक ठरलेली असते. यंत्राची किंमत तो रुपयापर्यंत अचूक लिहितो. पण यंत्राचा पाया, विजेचे काम, वाहतूक, मोजमापाची उपकरणे, पहिल्या तीन महिन्यांचे पगार आणि भाडे विसरतो. यंत्र येते, पण ते चालवायला पैसा उरत नाही. मग हातउसने, मग खासगी सावकार. मंजूर झालेले पण अपुरे कर्ज हे नाकारलेल्या कर्जापेक्षा अनेकदा अधिक घातक ठरते, ते यामुळे.

तिसरा प्रश्न परतफेडीचा. प्रस्तावाचा आत्मा हाच आहे आणि सर्वाधिक दुर्लक्षही याच भागाकडे होते.

एका यंत्राचे गणित

भोसरी किंवा चाकण परिसरात सुट्या भागांचे जॉबवर्क करणाऱ्या एका छोट्या कारखान्याचे उदाहरण घेऊ. आकडे केवळ गणित समजण्यासाठी घेतले आहेत. दर आणि खर्च जागेनुसार बदलतील. मालक स्वतः कुशल कारागीर आहे. संगणकनियंत्रित लेथ यंत्र, हत्यारे, मोजमापाची उपकरणे आणि विजेचे काम मिळून प्रकल्प २४ लाख रुपयांचा. त्यात मालकाचे ६ लाख, बँकेचे मुदत कर्ज १८ लाख. व्याजदर ११ टक्के, परतफेड पाच वर्षांत. पहिल्या वर्षी मुद्दल ३ लाख ६० हजार आणि व्याज सुमारे १ लाख ८० हजार, म्हणजे ५ लाख ४० हजार रुपये बँकेला द्यायचे आहेत.

आता उत्पन्न पाहू. दोन पाळ्यांत रोज १६ तास, वर्षाला ३०० दिवस म्हणजे ४,८०० तास. पहिल्या वर्षी यंत्र ७० टक्के वेळ कामात राहील असे धरले तर ३,३६० तास. तासाला ४०० रुपये दराने उत्पन्न १३ लाख ४४ हजार. खर्चात एका कामगाराचा पगार २ लाख १६ हजार (दुसरी पाळी मालक स्वतः करतो), वीज १ लाख ८० हजार, हत्यारे व देखभाल १ लाख २० हजार, भाडे १ लाख ८० हजार, इतर ६० हजार. एकूण ७ लाख ५६ हजार. शिल्लक ५ लाख ८८ हजार. बँकेचे ५ लाख ४० हजार देऊन ४८ हजार उरतात. कागदावर गणित जमले.

पण या गणितात एक माणूस जेवलेलाच नाही. मालकाच्या घरखर्चाला महिना २५ हजार धरले, तर वर्षाचे ३ लाख होतात. ते वजा केले की हप्त्यासाठी उरतात २ लाख ८८ हजार, म्हणजे देण्याच्या जेमतेम निम्मे. घरखर्चाचा रकाना नसलेले प्रकल्प अहवाल सर्रास तयार होतात आणि मंजूरही होतात. मग सात-आठ महिन्यांनी हप्ता थकतो, तेव्हा बँक म्हणते उद्योजकाची नियत फिरली आणि उद्योजक म्हणतो मंदी आली. खरे तर नियतही फिरलेली नसते आणि मंदीही आलेली नसते. गणित पहिल्या दिवसापासूनच तुटीचे होते.

हेच गणित आधी मांडले असते, तर वाटाघाटीला जागा होती. समजा, काम अधिक अचूकतेचे निवडून दर ५०० रुपयांवर नेता आला, तर उत्पन्न १६ लाख ८० हजार होते. घरखर्चासह सारे खर्च १० लाख ५६ हजार वजा जाता ६ लाख २४ हजार उरतात. पाच वर्षांच्या हप्त्याशी त्याचे प्रमाण १.१६ पडते. बँकेच्या दृष्टीने ते तोकडेच, कारण साधारणपणे दीडच्या आसपासचे प्रमाण ती सुरक्षित मानते. परतफेडीची मुदत सात वर्षे मागितली, तर पहिल्या वर्षाचे देणे सुमारे ४ लाख ४२ हजारांवर येते आणि प्रमाण १.४१ होते. आता हा प्रस्ताव चर्चेस योग्य ठरतो. व्याज एकूण जास्त जाईल. पण श्वास घ्यायला जागा मिळेल.

आणखी एक परीक्षा उरते. वाहन उद्योगाची मागणी घटून यंत्राचा वापर ७० ऐवजी ६० टक्क्यांवर आला तर? उत्पन्न १४ लाख ४० हजारांवर येते. वीज आणि हत्यारांचा खर्च थोडा घटतो, पण पगार, भाडे आणि घर थांबत नाही. शिल्लक उरते सुमारे ४ लाख २७ हजार, म्हणजे हप्त्याला १५ हजार कमी. दहा टक्क्यांची घट इतकी महागात पडते, हे ज्या अर्जदाराने स्वतःहून प्रस्तावात लिहिले आणि त्यावर तीन हप्त्यांइतकी रक्कम वेगळी ठेवण्याची किंवा दुसऱ्या ग्राहकाची तजवीज दाखविली, त्याचे म्हणणे अधिकारी गांभीर्याने घेतो. सर्व वर्षे चढत्या नफ्याची दाखविणारा अहवाल मात्र त्याने शेकड्याने पाहिलेला असतो.

खेळत्या भांडवलाचा फास

यंत्राचे कर्ज दिसते, खेळत्या भांडवलाची गरज दिसत नाही. वर्षाच्या उलाढालीच्या २५ टक्के हे नायक समितीचे सूत्र म्हणजे, सोप्या शब्दांत, तीन महिन्यांचे चक्र. माल घेणे, तयार करणे, विकणे आणि पैसे हातात येणे हे सारे तीन महिन्यांत पुरे होईल, असे त्यात गृहीत आहे. वरच्या उदाहरणात १६ लाख ८० हजारांच्या उलाढालीला ४ लाख २० हजारांचे खेळते भांडवल येते. त्यात बँकेचे ३ लाख ३६ हजार आणि मालकाचे ८४ हजार. पण मोठ्या कारखान्याने पैसे चार महिन्यांनी दिले, तर अडकलेली रक्कम ५ लाख ६० हजारांवर जाते. वरचे १ लाख ४० हजार कोणी आणायचे?

कायदा याबाबत उद्योजकाच्या बाजूने आहे. २००६च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म व लघू पुरवठादाराचे पैसे करार असला तरी ४५ दिवसांच्या आत चुकते केले पाहिजेत. न केल्यास बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज देय होते. २०२३च्या वित्त कायद्याने वेळेत न दिलेल्या अशा रकमेची वजावट खरेदीदाराला त्या वर्षी मिळणार नाही, अशीही तरतूद केली. येणे बिले बँकांकडून वटवून घेण्यासाठी 'ट्रेड्स' हे व्यासपीठ आहे आणि २५० कोटी रुपयांहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना त्यावर ३१ मार्च २०२५ पर्यंत नोंदणी सक्तीची करण्यात आली. मात्र ज्या एकाच ग्राहकावर कारखाना चालतो, त्याच्याविरुद्ध तक्रार करण्याचे धाडस किती जण करतील? पाण्यात राहून माशाशी वैर कोणी धरत नाही. म्हणूनच प्रस्तावात कायद्यातले ४५ दिवस नव्हे, तर प्रत्यक्षात पैसे येतात ते दिवस लिहावेत. येथे स्वतःला फसविणाऱ्याची पुढे बँकेकडून सुटका होत नाही.

दोन वह्यांचा पेच

मराठी लघुउद्योजकाच्या प्रस्तावातील सर्वांत अवघड गाठ मात्र वेगळीच आहे. कर भरताना दाखवायचा नफा आणि कर्ज मागताना दाखवायचा नफा यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते. छोट्या व्यावसायिकांसाठी प्राप्तिकरात ढोबळ नफा गृहीत धरण्याची सवलत आहे: रोखीच्या उलाढालीवर किमान ८ टक्के आणि बँकेमार्फत आलेल्या रकमेवर किमान ६ टक्के. हिशेबाच्या वह्यांची कटकट टळते, म्हणून ती सोयीची. पण नफा खरोखर अधिक असतानाही ४० लाखांच्या उलाढालीवर ६ टक्क्यांनी २ लाख ४० हजार रुपयेच दाखविणारा व्यावसायिक पुढच्याच वर्षी ४ लाखांचा वार्षिक हप्ता पेलण्याचा दावा कसा करणार? 'प्रत्यक्षात सुटतात जास्त' हे उत्तर तोंडी देता येते, लेखी नाही. ताकाला जाऊन भांडे लपविण्यातला हा प्रकार आहे. फरक एवढाच की, येथे भांडे उद्योजकाने स्वतःच लपविलेले असते.

पूर्वी ही विसंगती खपून जाई, कारण कागद वेगवेगळ्या कपाटांत असत. आता वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे, प्राप्तिकराची विवरणपत्रे आणि बँक खात्याचे उतारे एकमेकांशी ताडून पाहणे काही मिनिटांचे काम झाले आहे. खातेदाराच्या संमतीने माहिती एका संस्थेकडून दुसरीकडे नेणारी 'अकाउंट अॅग्रिगेटर' व्यवस्था सप्टेंबर २०२१ पासून सुरू आहे. मार्च २०२५ मध्ये सरकारी बँकांसाठी अशा डिजिटल नोंदींवर आधारित नवे पतमूल्यांकन प्रारूप जाहीर झाले. ज्याचे व्यवहार खात्यातून होतात, त्याला याचा लाभ आहे. घर तारण न ठेवताही त्याची पत दिसू लागते. ज्याचा धंदा गल्ल्यातच राहतो, तो मात्र पूर्वीपेक्षा अधिक अदृश्य होणार आहे. आज कर वाचविताना उद्याची कर्जपात्रता आपण विकत आहोत, हे भान प्रस्तावाच्या दोन-तीन वर्षे आधी यायला हवे. आदल्या महिन्यात ताळेबंद 'सुधारून' ते येत नाही.

अनुदानाचा मोह

कर्जाच्या बाजारात 'अनुदान' या शब्दाइतका भुरळ पाडणारा शब्द नाही. २००८ मध्ये सुरू झालेला पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रम, राज्य शासनाचा २०१९चा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम, अन्नप्रक्रियेसाठी २०२० मध्ये आलेली केंद्राची सूक्ष्म उद्योग योजना अशा योजनांत प्रवर्ग, ठिकाण आणि प्रकल्पानुसार सुमारे १५ ते ३५ टक्के अनुदानाची तरतूद करण्यात आली. यांतली गोम अनेकांच्या लक्षात येत नाही. अनुदान हातात पडत नाही. पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रमात ते तीन वर्षे बँकेकडे ठेव म्हणून अडकवून ठेवले जाते आणि उद्योग सुरू राहिल्याची खात्री पटल्यावरच कर्जखाती वळते होते. अनुदानासाठी प्रकल्पाचा आकार फुगविणारा, आठ लाखांत भागणाऱ्या कामासाठी वीस लाखांचा प्रस्ताव करणारा अर्जदार अनुदान मिळवितो खरा. पण बारा लाखांचे अनावश्यक ओझेही डोक्यावर घेतो.

तोच प्रकार पतहमीचा. न्यासाची हमी मिळाली म्हणजे कर्ज बुडाले तरी आपण मोकळे, हा समज पूर्ण चुकीचा आहे. हमी बँकेला मिळते, कर्जदाराला नव्हे. न्यासाने बँकेची काही हानी भरून दिली तरी वसुली कर्जदाराविरुद्ध चालूच राहते. हमीचे वार्षिक शुल्कही साधारणपणे त्याच्याच खात्यातून जाते. मुद्रा कर्जाबाबतही 'मंजुरीपत्र' हाती देऊन प्रक्रिया शुल्क उकळणाऱ्या टोळ्यांबद्दल सरकारी यंत्रणांनी वारंवार सावध केले आहे. मुद्रा ही संस्था थेट उद्योजकाला कर्ज देत नाही आणि तिने कोणी दलाल नेमलेले नाहीत, एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळांची फसवणूक टळेल.

बँकांचे काय?

प्रस्ताव नीट करण्याची जबाबदारी अर्जदाराची, हे मान्य केले तरी बँकांची झाडाझडती घेणे आवश्यक आहे. नियम त्यांनाही आहेत. सूक्ष्म व लघुउद्योगांच्या अर्जाची पोच द्यावी, २५ लाख रुपयांपर्यंतच्या अर्जावर १४ कामकाजी दिवसांत निर्णय घ्यावा, नकार दिल्यास कारण लेखी कळवावे, अशी रिझर्व्ह बँकेची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात 'आणखी एक कागद आणा' या वाक्यावर महिने सरतात. अर्जाची नोंदच न करणे ही त्यातली सर्वांत सोयीची युक्ती, कारण जो अर्ज आलाच नाही, तो नाकारल्याची आकडेवारीही होत नाही. म्हणून पोच घेणे, किंवा अर्ज ऑनलाइन करून क्रमांक जपून ठेवणे, हा शिष्टाचार नसून पुरावा आहे.

शाखेतील अधिकाऱ्याची कोंडीही समजून घ्यावी लागेल. मंजूर केलेले कर्ज थकले तर चौकशी त्याची होते. न दिलेल्या चांगल्या कर्जाबद्दल मात्र कोणी जाब विचारत नाही. बदल्यांमुळे तीन वर्षांत परिसर ओळखीचा होतो न होतो, तोच त्याला निघावे लागते. इचलकरंजीचा यंत्रमाग आणि जळगावची डाळमिल यांची चक्रे वेगळी असतात, हंगाम वेगळे असतात. पण प्रस्तावाचा साचा सर्वांना एकच. अग्रणी बँक योजनेमागे गाडगीळांच्या मनात असलेला प्रदेशाचा अभ्यास आज जिल्हास्तरीय बैठकांतील उद्दिष्टांच्या तक्त्यांत हरवला आहे. उद्दिष्टपूर्तीसाठी मार्चअखेर घाईने वाटलेली छोटी कर्जे आणि त्याच शाखेत वर्षभर रखडलेला एखादा पक्का प्रस्ताव ही एकाच दुखण्याची दोन लक्षणे आहेत.

लोकपालाकडे दाद मागता येते. पण कर्ज द्यावे की नाही, या बँकेच्या व्यावसायिक निर्णयात लोकपाल हात घालत नाही. विलंब, लेखी कारण न देणे, नियमबाह्य शुल्क यांबाबतच त्याचा उपयोग. त्यामुळे नकाराचे कारण लेखी मागणे आणि त्यानुसार प्रस्ताव सुधारून तो दुसऱ्या बँकेकडे नेणे हाच बहुधा जवळचा रस्ता ठरतो. एकाच वेळी पाच बँकांकडे अर्ज टाकणे मात्र अंगाशी येते. प्रत्येक चौकशीची नोंद पतअहवालात होते आणि सहाव्या बँकेला तो घायकुतीला आलेला माणूस दिसतो.

मंजुरीनंतरची पाने

मंजुरीपत्र हाती आले, की पेढे वाटले जातात; ते पत्र वाचले मात्र जात नाही. ऑक्टोबर २०२४ पासून अशा मुदत कर्जांसाठी सर्व शुल्कांसह वार्षिक खर्चाचा दर सांगणारे मुख्य तथ्यपत्रक देणे बँकांना बंधनकारक झाले. बँकांच्या सूक्ष्म व लघुउद्योगांच्या बदलत्या व्याजाच्या कर्जांचा दर ऑक्टोबर २०१९ पासून बाह्य मानदंडाशी, बहुधा रेपो दराशी, जोडलेला आहे. थकलेल्या हप्त्यावर व्याजावर व्याज चढविण्याऐवजी केवळ दंड आकारणी करावी, हा नियम एप्रिल २०२४ पासून आला. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर वा नूतनीकृत झालेल्या बदलत्या दराच्या अशा बहुतेक कर्जांना मुदतपूर्व फेडीचे शुल्कही लावता येत नाही. हे सारे कर्जदाराच्या हिताचे आहे; पण ज्याला ठाऊक आहे, त्याच्याच.

हप्त्याचे दिवस मोजण्याची बँकेची रीतही माहीत असावी. देणे थकल्यापासून ३० दिवसांपर्यंत, ६० दिवसांपर्यंत आणि ९० दिवसांपर्यंत अशा तीन पायऱ्यांवर खाते 'विशेष उल्लेखित' म्हणून नोंदले जाते आणि ९० दिवस उलटताच ते अनुत्पादक ठरते. पहिल्या पायरीवर स्वतःहून बँकेत जाणाऱ्यासाठी हप्त्यांच्या फेररचनेसारखे मार्ग खुले असतात. तिसऱ्या पायरीनंतर फोन न उचलणाऱ्यासाठी ते उरत नाहीत. दुर्दैवाने अडचणीत आलेला माणूस सर्वांत आधी टाळतो तो बँकेलाच, आणि गाठतो तो सावकाराला.

कर्जप्रस्ताव हा बँकेसाठी लिहायचा कागद आहे, या समजुतीतच सारी गफलत आहे. तो पहिल्यांदा स्वतःसाठी लिहायचा असतो. दर किती, तास किती, पैसे कधी येणार, घर कशावर चालणार आणि मागणी दहा टक्क्यांनी घटली तर काय, ही पाच उत्तरे ज्याने स्वतःच्या हाताने मांडली, त्याला एखादी बँक नाकारू शकेल. पण तुटीच्या धंद्यात पाय टाकण्यापासून तो वाचलेला असेल. जाणकाराची मदत जरूर घ्यावी. आकडे मात्र आपले असावेत, कारण मंजुरीच्या सहीनंतर सल्लागाराचे काम संपते, अधिकाऱ्याची बदली होते आणि दरमहा ठरलेल्या तारखेला खात्यात पैसे भरण्यासाठी उरतो तो एकटा उद्योजक.